घसारा: विम्याच्या चेकमधून नेमकं काय कापतात?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबील ओढा फुगला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या पट्ट्यात घराघरांत पाणी शिरलं. माझ्या धाकट्या बहिणीचं घर त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. चिखल उपसण्यातच आठवडा गेला. घराचा विमा होता, म्हणून जरा धीर होता. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि कपाटं प्लायवूडची. पाणी पिऊन सगळी फुगली होती, एक दार धड मिटेना. सुताराने सगळं नव्याने करायचे १,२०,००० रुपये सांगितले. विमा कंपनीचा हिशेब आला ४८,००० चा.

तिचा फोन आला. "दादा, निम्म्याहून जास्त कापलेत. कारण म्हणून एवढंच लिहिलंय, डेप्रिसिएशन साठ टक्के. हे काय असतं?"

डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. वस्तू वापरली की झिजते, तिचं उरलेलं आयुष्य कमी होतं, आणि त्या झिजेची किंमत पैशांत मोजली की तो झाला घसारा. हिशेबाच्या वह्यांमधला हा शब्द सामान्य माणसाच्या घरात शिरतो तो बहुधा असाच, पाण्यामागून.

विमा कंपनीची बाजू आधी समजून घेऊ, कारण ती अगदीच चुकीची नाही. मालमत्तेच्या विम्याचं तत्त्व असं, की नुकसान होण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही ज्या स्थितीत होतात, त्या स्थितीत तुम्हाला परत आणून ठेवायचं. तिथून मागे नाही आणि पुढेही नाही. आठ वर्षं वापरलेलं कपाट वाहून गेलं आणि कंपनीने नवं कोरं दिलं, तर आठ वर्षांचा वापर फुकटात झाला. उद्या प्रत्येकाला आपलं जुनं कपाट पाण्यात सोडावंसं वाटेल. म्हणून नव्याच्या किमतीतून वापराचा वाटा वजा करतात.

हिशेब साधा असतो. वस्तूचं एकूण आयुष्य किती धरायचं, त्यातलं किती सरलं, तेवढे टक्के घसारा. २०१६ साली ६०,००० रुपयांत केलेलं कपाट २०२४ मध्ये गेलं. तसंच कपाट आज करायला एक लाख लागतात. कपाटाचं आयुष्य १६ वर्षं धरलं, तर ८ वर्षं सरली, म्हणजे घसारा ५० टक्के. मिळायला हवेत ५०,०००.

आता इथेच पहिली गफलत होते. घसारा वजा करायचा तो आजच्या किमतीतून, तुम्ही त्या वेळी मोजलेल्या किमतीतून नव्हे. ६०,००० चे निम्मे ३०,००० असा हिशेब कुणी हातात ठेवला तर तो चूक आहे. दरम्यान प्लाय महागलं, सुताराची मजुरी वाढली, आणि ती वाढ तुमच्या बाजूने धरली गेली पाहिजे. लोक घसाऱ्याच्या टक्क्यावर तावातावाने भांडतात आणि तो टक्का कोणत्या आकड्याला लावलाय हे बघतच नाहीत.

दुसरी गफलत 'बाजारभाव' या शब्दाने होते. पॉलिसीत 'मार्केट व्हॅल्यू' लिहिलेलं असतं. आपल्या डोळ्यांसमोर लगेच जुना बाजार उभा राहतो: बुधवारी आणि रविवारी रस्त्याकडेला मांडलेल्या वस्तू, आणि तुमचं कपाट तिथे कुणी पाच हजारांनासुद्धा घेणार नाही. पण विम्यातला बाजारभाव म्हणजे भंगारवाल्याचा भाव नव्हे. आजची नवी किंमत वजा झीज, हा त्याचा अर्थ. जुन्या बाजारात न विकल्या जाणाऱ्या पण घरात ठणठणीत चालणाऱ्या वस्तूलाही किंमत असते.

गाडीचा घसारा छापील, घराचा बोलीचा

पुणेकराची घसाऱ्याशी खरी ओळख गाडीमुळे होते. 'झीरो डेप घेतलंय का?' (म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण) हा प्रश्न तर आता 'पीयूसी आहे का?' इतका रुळलाय. गाडीचं एक बरं असतं: घसाऱ्याचे टक्के पॉलिसीतच छापलेले असतात. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. धातूच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, मग वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात फक्त रंगाच्या सामानावर ५० टक्के. बिल एकत्रित असेल तर सामान म्हणजे बिलाचा चौथा हिस्सा धरतात. मजुरीवर घसारा नाही.

साडेचार वर्षांच्या छोट्या गाडीला समोरून धक्का बसला असं समजा. बंपर ८,०००, बॉनेट २०,०००, समोरची काच ९,०००, रंग १६,०००, मजुरी ६,०००. बिल झालं ५९,०००. बंपर प्लॅस्टिकचा, त्याचे ४,००० मिळाले. बॉनेट पत्र्याचं, ३५ टक्के जाऊन १३,०००. काच पूर्ण ९,०००. रंगातलं सामान ४,००० चं, त्याचे निम्मे गेले, १४,००० उरले. मजुरी पूर्ण. बेरीज ४६,०००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये स्वतःचे घालावे लागतात, म्हणजे हातात ४५,०००. झीरो डेप असतं तर घसाऱ्याचे १३,००० वाचले असते, हजार रुपये तेव्हाही द्यावे लागलेच असते. 'झीरो डेप घेतलं म्हणजे खिशात हात घालायचा नाही' असं शोरूममध्ये सांगतात, त्यातलं एवढं मनातल्या मनात वजा करत जा.

गाडी पूर्णच गेली, म्हणजे दुरुस्तीचा खर्च तिच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, तर मग भागांचा हिशेब थांबतो आणि आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत ठरलेली तीच विमा किंमत, मिळते. पार्किंगच्या तळघरात पाणी भरून गाडी छतापर्यंत बुडाली की हेच होतं. त्या आयडीव्हीतही घसारा आधीच कापलेला असतो: सहा महिने ते वर्षभराच्या गाडीला १५ टक्के, दोन-तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार-पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के.

घराच्या बाबतीत असा सर्वमान्य छापील तक्ता नसतो. तिथे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, येतो, बघतो, आणि आपल्या अनुभवाने आयुष्य आणि वय ठरवतो. आरसीसी इमारतीचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरायची पद्धत आहे. रंगाचं पाच-सहा वर्षं, लाकूडकामाचं पंधरा-वीस, पण हे दगडावर कोरलेलं नाही. म्हणजे इथे बोलायला जागा आहे, आणि म्हणूनच इथे लोकांचं नुकसानही जास्त होतं. गाडीच्या टक्क्यांबद्दल वाद घालून उपयोग नसतो, तिथे लोक हुज्जत घालतात. घराच्या टक्क्यांबद्दल बोलता येतं, तिथे मात्र 'सर्व्हेअर साहेबांनी लिहिलंय' म्हणून गप्प बसतात.

या सरळ हिशेबाची गंमत बघायची असेल तर कसब्यातला किंवा शनिवार पेठेतला एखादा वाडा घ्या. वय सव्वाशे वर्षं, भिंती मातीच्या आणि विटांच्या, वर सागवानी तुळया. आयुष्य ६० वर्षं धरलं तर घसारा दोनशे टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे वाड्याच्या मालकानेच कंपनीला पैसे द्यायला हवेत! प्रत्यक्षात वाडा उभा आहे, त्यात कुटुंब राहतं, पावसाळ्यात गळत असेल पण राहतं. म्हणून घसाऱ्याला कुठेतरी थांबवावं लागतं. वस्तू वापरात आहे तोवर तिची काही एक किंमत शिल्लक धरायची, आणि वयापेक्षा निगराणी बघायची. ज्या वाड्याची कौलं दर वर्षी चाळली जातात आणि ज्याला वीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही, त्या दोघांचा घसारा सारखा कसा असेल? सागवानाचं तर उलटंच असतं, भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात जुन्या सागाला चांगलं गिऱ्हाईक मिळतं. आणि हो, पडलेल्या वाड्यातलं ते लाकूड तुमच्याकडेच राहिलं तर त्याची किंमत भरपाईतून वजा होते. याला साल्व्हेज म्हणतात. घसारा वेगळा, साल्व्हेज वेगळं. एकाच ओळीत दोन्ही गुंडाळलेले दिसले तर वेगवेगळे आकडे मागून घ्या.

एकावर एक कात्री

घसारा एकटा असता तर परवडला असता. त्याच्या जोडीला येतो अंडर-इन्शुरन्स, म्हणजे मालमत्ता जेवढ्याची, त्याहून कमी रकमेचा विमा. व्यावसायिकांना हा जास्त छळतो, आणि त्याचं मूळ बऱ्याचदा सीएच्या फाइलमध्ये सापडतं.

ताळेबंदातला घसारा हा कराच्या आणि हिशेबाच्या सोयीसाठी असतो. आयकराच्या नियमांत संगणकावर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो; ६०,००० चा संगणक तीन वर्षांत पुस्तकावर १२,९६० चा उरतो. तो संगणक मात्र रोज दहा तास चालत असतो. यंत्रांचंही तसंच. आता धायरीतला किंवा भोसरीतला एखादा वर्कशॉपवाला विमा काढताना ताळेबंदातला आकडा उचलतो, कारण तोच हाताशी असतो आणि हप्ताही कमी बसतो. पुढे आग लागते.

त्याची यंत्रं आज नवी घ्यायची तर २० लाख लागतील. १५ वर्षांचं आयुष्य, ६ वर्षं झाली, घसारा ४० टक्के. म्हणजे बाजारभाव १२ लाख. विमा काढलाय ९ लाखांचा. आगीत जे जळालं ते नव्याने उभं करायला ५ लाख लागतात. ४० टक्के घसारा गेला, उरले ३ लाख. भंगाराचे २०,००० वजा, उरले २,८०,०००. आता अंडर-इन्शुरन्स: १२ लाखांच्या मालमत्तेला ९ लाखांचं छत्र, म्हणजे ७५ टक्के. कंपनी म्हणते, उरलेल्या २५ टक्क्यांचा धोका तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतला होता. मिळाले २,१०,०००. समजा पॉलिसीत दर दाव्याला १०,००० स्वतः सोसायची अट आहे. हातात आले दोन लाख.

पाच लाखांच्या नुकसानीला दोन लाख. यात कंपनीने लबाडी कुठेच केलेली नाही. पण 'नुकसान ५ लाख आणि विमा ९ लाखांचा, मग पूर्ण पैसे का नाहीत?' हा त्याचा प्रश्नही खोटा नाही. त्याला विमा घेताना कुणी सांगितलंच नव्हतं.

यावरचा उपाय विम्यातच आहे, त्याला रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू म्हणतात. म्हणजे घसारा न कापता नव्याने उभारणीचा खर्च. इमारत, यंत्रं, फर्निचर यांना तो घेता येतो. विक्रीच्या मालाला नाही. हप्ता वाढतो, कारण विम्याची रक्कम नव्या किमतीची ठेवावी लागते. आणि त्याच्या अटी आहेत. काम खरोखर करावं लागतं, सर्वसाधारणपणे नुकसानीपासून १२ महिन्यांच्या आत. जमणार नसेल तर मुदत वाढवून मागावी लागते. काम केलंच नाही, तर घसारा कापून बाजारभावच मिळतो. नवी वस्तू जुन्याच्या तोडीची हवी. साध्या लेथच्या जागी संगणकावर चालणारं सीएनसी आणलं तर वरचा फरक तुमचा.

आणि सगळ्यात मेख म्हणजे, अशा पॉलिसीत अंडर-इन्शुरन्सची तुलना बाजारभावाशी होत नाही, नव्या किमतीशी होते. त्यात सहसा १५ टक्क्यांची सूट असते: विमा नव्या किमतीच्या ८५ टक्के असला तर कात्री लागत नाही. पण आपल्या वर्कशॉपवाल्याने रक्कम ९ लाखच ठेवून नुसता शब्द बदलून घेतला, तर त्याचं छत्र २० लाखांपैकी ९ लाखांचं, म्हणजे ४५ टक्क्यांचं. घसारा वाचला, पण कात्री दुसऱ्या बाजूने आणखी खोल गेली.

पैशांचा क्रमही ध्यानात ठेवायला हवा. आधी खर्च, मग भरपाई. कंपनी सुरुवातीला घसारा कापून देते आणि काम झाल्याची बिलं दाखवली की कापलेला भाग सोडते. अमेरिकेत घरांच्या विम्यात हाच प्रकार सर्रास चालतो, रोखून ठेवलेला घसारा काम झाल्यावर परत. तिथे आणि इथेही लोक पहिला चेक हाच शेवटचा समजून फाइल बंद करतात.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आली आहे. विमा नियामकाने तिचा मजकूर ठरवून दिलाय, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, गाभा तोच. अंडर-इन्शुरन्सची कात्री यात लावत नाहीत, हा माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा गुण. इमारतीच्या विम्याबरोबर त्याच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. दागिन्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. रक्कम ठरते ती चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी. कोथरूडमधला ७०० चौरस फुटांचा फ्लॅट सव्वा कोटीचा असेल, पण त्या सव्वा कोटीत मोठा वाटा जागेचा आहे, आणि जागा जळत नाही की वाहून जात नाही. दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरले, तर विमा साडेसतरा लाखांचा. 'एवढाच?' म्हणून लोक नाराज होतात. खरं तर हप्ता कमी का, याचं ते उत्तर आहे.

सोसायटीचा सामायिक विमा असेल तर तो कागद एकदा सचिवांकडून मागून बघा. वीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम दराने काढलेली आणि दर वर्षी डोळे झाकून नूतनीकरण केलेली पॉलिसी मी पाहिली आहे. वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास, विम्यावर अर्धा मिनिट.

आता, घसारा कापून आला तर बघायचं काय? आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत. मागितली की कंपनीने ती द्यायची असते. त्यात प्रत्येक वस्तूपुढे वय आणि टक्का काय लिहिलाय ते वाचा. इमारतीचं वय आतल्या सगळ्या वस्तूंना चिकटवलेलं अनेकदा आढळतं. इमारत १९८७ ची असेल, पण वायरिंग २०१५ साली बदललं असेल तर वायरिंगचं वय २०१५ पासून मोजायचं. मग मजुरी. गाळ काढणं, राडारोडा उचलणं, फुगलेलं प्लाय उखडणं यावर घसारा कापलेला असेल तर लेखी विचारा, की उखडण्याचं काम आठ वर्षं जुनं कसं झालं? मला तरी याचं पटण्यासारखं उत्तर कुठे मिळालेलं नाही.

'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या पावतीवर सही करण्याची घाई करू नका. आक्षेप असेल तर आधी लेखी नोंदवा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

बहिणीला तिथवर जावं लागलं नाही. रिपोर्ट मागवला तेव्हा कळलं, की ट्रॉल्यांचं वय फ्लॅटच्या वयावरून अंदाजाने धरलं होतं. ट्रॉल्या केल्या होत्या २०१६ मध्ये. सुताराचं बिल कुठे असेल म्हणून घर पालथं घातलं. शेवटी वहिनीने आठवण करून दिली, की बिलं चकलीच्या जुन्या डब्यात ठेवायची सवय आमच्या आईची, तीच बहिणीने उचललेली. डबा फडताळाच्या वरच्या फळीवर होता, म्हणून कोरडा राहिला. पंधरा वर्षांच्या आयुष्यातली तीन वर्षं, घसारा २० टक्के, भरपाई ९६,०००. एक पत्र, सोबत बिलाची झेरॉक्स आणि गृहप्रवेशाचा तारीख छापलेला फोटो, ज्यात मागे त्या ट्रॉल्या नव्याकोऱ्या दिसत होत्या. उरलेले ४८,००० यायला अडीच महिने लागले.

डबा आता माळ्यावर असतो. त्यातल्या प्रत्येक बिलाचा फोटो माझ्याही मोबाइलमध्ये आहे, आणि नवी काहीही खरेदी झाली की बहीण आधी बिल पाठवते, मग वस्तूचा फोटो.